बरे वाटू लागल्यानंतरची गोळी
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी शौचाच्या तक्रारीवर बोलायचे, म्हणजे तिळगुळाच्या वाटीत कडुलिंबाचा पाला ठेवण्यासारखे आहे. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला, आणि मलाही वाटले की, जी गोष्ट मी दोन वर्षे घरच्या माणसांपासूनसुद्धा लपविली, ती एकदा चारचौघींत बोलून टाकावी. मी काही डॉक्टरीण नव्हे. सोसले तेवढे आणि डॉक्टरांकडून ऐकले तेवढेच सांगणार आहे.

शौचातून रक्त जाऊ लागले तेव्हा मी मूळव्याध समजले. पुढे आव पडू लागली, दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागू लागले, तेव्हा आमांश म्हणून गोळ्या आणल्या. चार दिवस बरे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे असताना पोटात कळ आली, तर बाईमाणसाने बांधावरून पळावे तरी कोठे? त्याहून वाईट मुंबईची गाडी. कर्जतहून दोन तासांचा प्रवास आणि लोकलच्या डब्यात शौचकूप नाही! आदल्या रात्रीपासून उपाशी राहून मी भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी अशी स्टेशने मोजत बसत असे.

शेवटी अशक्तपणाने चक्कर येऊन पडले, तेव्हा लपवाछपवी संपली. दुर्बिणीने आतडे तपासले, आतून बारीक तुकडा काढून तोही तपासला. आतड्याच्या क्षयातही कधीकधी अशीच लक्षणे दिसतात आणि त्याचे औषध अगदी निराळे, म्हणून ही तपासणी चुकवून चालत नाही. निदान झाले अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते, तेथे दाह होतो आणि व्रण पडतात. हा आजार एकीचा दुसरीस लागत नाही. माझे भांडे वेगळे ठेवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते.

औषध मिळाले त्याचे नाव मेसालामाइन. दाह शमविणारे हे औषध आहे आणि त्याच्यामागे एका बाईची कर्तबगारी आहे. डॉ. नाना स्वार्ट्झ या स्वीडनच्या. 1937 मध्ये त्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्या देशाच्या सरकारी विद्यापीठांत तोवर कोणी स्त्री प्राध्यापक झाली नव्हती. सांधेदुखीसाठी त्यांनी एक सल्फा औषध आणि एक सॅलिसिलेट यांची जोडी करवून घेतली. सांध्यांचे रोगी घेत होते ते औषध, पण आतड्याच्या रोग्यांचे रक्त थांबते असे त्यांच्या ध्यानात आले, आणि 1942 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तेच सल्फासालाझिन. मोठ्या आतड्यातले जंतू ही जोडी फोडतात. फुटल्यावर काम करतो तो सॅलिसिलेटचा भाग, हे 1977 मध्ये ऑक्सफर्डला आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे डॉ. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बस्ती देऊन दाखविले. तोच भाग एकटा वेगळा काढला की झाले मेसालामाइन. ज्यांना सल्फा सोसत नाही, त्यांची त्यामुळे सोय झाली.

हे औषध अस्तराला आतून लागावे लागते. नुसते गिळले तर ते वरच्या लहान आतड्यातच शोषले जाते, म्हणून गोळीवर खाली जाऊन विरघळणारा लेप असतो. माझी गोळी चांगली मोठी. मी शहाणीने आठ दिवस ती खलबत्त्यात कुटून मधातून घेतली! डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “अहो, पाकीट कर्जतलाच फोडलेत, मग पत्र कशेळ्याला कसे पोचायचे?” तेव्हा गोळी अख्खी गिळावी, चावू नये. दाह अगदी शेवटच्या भागात असेल तर गुदद्वारातून ठेवावयाची वडी किंवा बस्ती देतात. लाज वाटते खरी, पण पुष्कळदा तिचाच गुण अधिक येतो.

आता माझ्या दुसऱ्या मूर्खपणाचे सांगते. दीड-दोन महिन्यांत रक्त थांबले, भूक लागू लागली. जाऊबाई म्हणाल्या, “किती दिवस खाणार? सवय लागेल.” मलाही तेच वाटत होते, शिवाय गौरी-गणपतीचा खर्च होता. न विचारता गोळ्या बंद केल्या. दिवाळीत, फराळाचे घाणे तळत असताना, रक्त परत आले, आणि पहिल्याहून जास्त. या खेपेस मेसालामाइन पुरले नाही, स्टेरॉइड घ्यावे लागले. तेही मनाने एकदम थांबवायचे नसते. चेहरा सुजला, झोप गेली. हा आजार मुळातून जात नाही, दबून राहतो, आणि त्याला दाबून ठेवण्यासाठी बरे वाटत असतानाही गोळी घ्यावी लागते. हे मला पहिल्या दिवशीच सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

औषधाला दुसरी बाजूही आहे. क्वचित मूत्रपिंडास अपाय होतो, म्हणून अधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. काहींना हे औषधच मानवत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप येऊन जुलाब व रक्त उलट वाढले, तर तडक डॉक्टरांस कळवावे. सल्फासालाझिन घेणाऱ्यांची लघवी नारिंगी होते, त्याला भिऊ नये. त्यासोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती टाळू नये. कंबर धरली की दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खातो, त्याने मात्र हा आजार उसळू शकतो. दिवस राहिले म्हणून सुनेची गोळी सासूने बंद करू नये. बहुधा ती चालू ठेवतात, कारण आजार उसळला तर आईला आणि बाळाला धोका अधिक. आजाराला आठ-दहा वर्षे झाली की दुर्बिणीची तपासणी ठराविक काळाने करतात. कर्करोगाचा संभव थोडा वाढतो, तो वेळेवर कळावा म्हणून.

माझी गोळी आता मिसळणाच्या डब्याशेजारी असते. भाजीला फोडणी घातली की आठवण होते. परवा मुंबईला जाऊन आले, स्टेशने मोजली नाहीत.

कोणास रक्त जात असेल, तर आधी येथल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. दुर्बिणीसाठी पुढे मुंबईकडे जावे लागले, तर सोबतीला मी येईन. सभेनंतर मी मागच्या पडवीत तिळगुळाच्या डब्यापाशी बसणार आहे. सर्वांदेखत विचारणे नको वाटेल तिने तेथे यावे.