पाचवा पुत्र

(मठाच्या वर्धापनोत्सवात रामाकोना येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

थोर पुरुषाचे पाय आपल्या घराला लागावेत, अशी प्रत्येक कुटुंबाची इच्छा असते. तो येतो, ओसरीवर घटकाभर बसतो, मुलांच्या मस्तकावर हात ठेवतो आणि निघून जातो. मग त्या दिवसाची कथा घरात तीन पिढ्या चालते. तिच्यात वावगे काही नाही. परंतु त्या भेटीने घर पालटले की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या मंगल प्रसंगी ज्या कुटुंबाचे स्मरण करावयाचे आहे, त्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बावीस वर्षांच्या इतिहासाने दिले आहे. ते कुटुंब म्हणजे वर्ध्याचे बजाज घराणे, आणि तो थोर पुरुष म्हणजे महात्मा गांधी.

वर्धा या भागाला परके नाही. 1956 पर्यंत छिंदवाडा आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात नांदत होते. आज रामाकोना मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे आणि वर्धा महाराष्ट्रात. तथापि सरहद्दीमुळे भाषा आणि सोयरीक तुटत नसते.

जमनालाल बजाज यांचा जन्म 1889 साली राजस्थानात सीकरजवळील एका खेड्यात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. दत्तकाचा हा विधी वडीलधाऱ्यांनी ठरविला. त्या बालकाला कोणी विचारले नाही. पुढे जमनालालजी सतरा-अठरा वर्षांचे असताना, दागिने अंगावर घालण्यावरून बच्छराज रागावले आणि संपत्तीचा उल्लेख करून लागेल असे बोलले. तेव्हा त्या तरुणाने आपला सारा हक्क सोडल्याचे पत्र लिहून घराचा त्याग केला. आजोबांना पश्चात्ताप झाला व त्यांनी त्यांना परत आणले. तथापि, हे धन आपले नव्हे, आपण त्याचे केवळ राखणदार आहोत, ही जाणीव जमनालालजींच्या मनात तेव्हापासून कायमची घर करून राहिली.

1920 च्या डिसेंबरात नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. असहकाराचा ठराव तेथेच कायम झाला, आणि अधिवेशन आटोपल्यावर काही दिवसांतच, 6 जानेवारी 1921 रोजी, गांधीजींचे छिंदवाड्यास भाषण झाले. त्याच नागपूर मुक्कामाच्या सुमारास जमनालालजींनी गांधीजींपाशी एक मागणे मागितले. आपणास देवदासाप्रमाणे पुत्र मानावे, एवढेच ते मागणे होते. हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास असे चार पुत्र गांधीजींना होतेच. हा पाचवा झाला. पुढे हा प्रसंग सांगताना गांधीजींनी म्हटले की, मागणारा म्हणून आलेला तो तरुण वास्तविक देणारा होता. घेणारे आपणच ठरलो.

पहिल्या दत्तकविधानात जमनालालजींना संपत्ती मिळाली. या दुसऱ्यात ती त्यांनी वाहिली. पहिले इतरांनी केले. दुसरे त्यांनी आपण होऊन केले. गांधीजींनीही हे नाते हलके मानले नाही. 1922 च्या मार्चमध्ये साबरमतीच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, अशा पुत्रास शोभेल असा पिता होण्याचा आपण प्रयत्न करीत आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. शिष्याने गुरूची पात्रता पाहावी हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु शिष्य लाभल्यावर गुरूने स्वतःला पारखावे, हे विरळा.

या नात्याची किंमत साऱ्या घराने मोजली. जमनालालजींनी रायबहादूर ही पदवी परत केली. जानकीदेवींनी सोन्याचे अलंकार उतरविले, पडदा सोडला, आणि घरातील विदेशी वस्त्रे अग्नीच्या स्वाधीन झाली. मारवाडी समाजातील कुलवधूला त्या काळी हे किती अवघड होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. 1923 च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींना कारावास घडला आणि पुढेही अनेकवार घडला.

मठाच्या भक्तांनी विशेष ध्यानात ठेवावा असा प्रसंग 1928 च्या जुलै महिन्यातील आहे. वर्ध्यातील लक्ष्मीनारायणाचे मंदिर हे बजाज घराण्याचे देवस्थान. ज्यांना समाज अस्पृश्य म्हणून दूर ठेवीत होता, त्यांच्यासाठी त्या मंदिराची दारे जमनालालजींनी उघडली. या कार्यात विनोबांचे साह्य होते. गांधीजींचे दर्शन घेणारे पुष्कळ होते, परंतु त्यांच्या शब्दाखातर स्वतःच्या कुलदैवताचा उंबरठा मोकळा करणे आणि त्यापायी आपल्याच जातभाईंचा रोष पत्करणे, ही निराळी गोष्ट होती. भक्ती गाभाऱ्यात जोपासली जाते, पण तिची परीक्षा उंबरठ्यावर होते.

पुत्राच्या ओढीने अखेर पिताच त्याच्या गावी आला. स्वराज्याखेरीज साबरमतीस परतणार नाही, या निश्चयाने आश्रम सोडलेले गांधीजी वर्ध्यास राहू लागले. ग्रामोद्योगाच्या कार्यासाठी जमनालालजींनी आपला बगीचा दिला, तोच मगनवाडी झाला. 1936 साली गांधीजी ज्या सेगावात राहावयास गेले, त्या गावची बरीचशी जमीनही जमनालालजींचीच होती; 1940 पासून ते गाव सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले.

11 फेब्रुवारी 1942 रोजी जमनालालजींचे अकस्मात निधन झाले. अखेरच्या महिन्यांत त्यांनी गोसेवेस वाहून घेतले होते. दुःखाने व्याकुळ झालेल्या जानकीदेवींच्या मनात पतीसमवेत चितेवर जाण्याचा विचार आला. गांधीजींनी त्यांना समजाविले की, देह जाळण्याने सतीधर्म पाळला जात नाही; पतीचे अपुरे कार्य पुढे चालविणे हाच त्यांचा धर्म. जानकीदेवींनी आपले स्वतःचे धन गोसेवेस अर्पण केले, आणि पुढे भूदान व कूपदान या कार्यांत विनोबांबरोबर त्या हिंडल्या. 1956 साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले; 1979 पर्यंत त्या हयात होत्या. बावीस वर्षांपूर्वी जे मागणे एका पुरुषाने एकट्याने मागितले होते, ते त्या दिवशी त्याच्या पत्नीने आपलेसे केले.

भक्तजनहो, उत्सवाच्या दिवशी मठात येणारा प्रत्येक जण काही ना काही मागतो. कोणी आरोग्य मागतो, कोणी संतती, कोणी शेतास पाऊस. ही मागणी खोटी नव्हेत. संसारी माणसाने देवापाशी नाही मागावे तर कोणापाशी? परंतु वर्ध्याच्या त्या सेठाने मागितले ते असे होते की, मिळाल्यावर देण्यास आरंभ करावा लागला. दागिने गेले, पदवी गेली, जातीतील मान गेला, बगीचा गेला. आणि तरीही त्या घराला आपण लुबाडले गेलो असे कधी वाटले नाही. उत्सव संपून मंडप उतरला, म्हणजे प्रत्येक कुटुंबाने घरी बसून एवढेच पाहावे की, गुरुचरणांपाशी जाऊन आल्यावर आपल्या घराचा कोणता उंबरठा मोकळा झाला.