वेदना, गोळी आणि विवेक

 

मी कापडाचा व्यापारी. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तथापि स्वतःच्या चुकीतून आणि पुढे डॉक्टरांकडून जे उमगले, ते आपणांसमोर ठेवतो.

काही वर्षांपूर्वी अठाईच्या पारण्यानंतर दुसऱ्याच दिवशी कापडाची गाठ उचलताना कंबर धरली. घरातील जुन्या पाकिटातली एक गोळी आणि दुकानातून आणवलेली दुसरी, अशा दोन्ही तीन दिवस घेतल्या. आहार बेताचा, चौविहारामुळे सूर्यास्तानंतर पाणी नाही आणि रक्तदाबाची गोळी चालूच. चौथ्या दिवशी काळी शौच झाली. तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे उलटी करून दाखविली. नावे निराळी, पण आत डायक्लोफिनॅकच! छाप वेगळा, सूत एकच. जन्मभर गिऱ्हाइकाला सूत पारखून दिले. स्वतः मात्र नाव पाहून गोळी घेतली.

हेच डायक्लोफिनॅक दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या देशात बंदी आली.

मग निवड कशी करावी? मुरगळणे, डोकेदुखी अशा साध्या दुखण्यात प्रौढाने प्रथम पॅरासिटामॉल 500 ते 650 मिलिग्रॅम घ्यावे. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर असावे आणि दिवसाकाठी 4 ग्रॅमची मर्यादा कदापि ओलांडू नये. यकृताचा विकार असल्यास किंवा दीर्घ उपवासानंतर मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. दाढ काढल्यानंतरच्या वेदनेत आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, जेवणानंतर, अधिक गुणकारी ठरते. त्याच्या जोडीस पॅरासिटामॉल चालते. परंतु आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक ही एकाच कुळातली. त्यांतली दोन एकत्र घेऊ नयेत. जठरव्रण, मूत्रपिंड वा हृदयविकार असलेल्यांनी आणि ॲस्पिरिन वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी या कुळातली गोळी विचारल्याविना घेऊच नये. ट्रॅमॅडॉलने गुंगी व बद्धकोष्ठता होते, सवयही जडते. ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

चौविहार पाळणाऱ्यांनी गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून सूर्यास्तापूर्वीच्या बसवून घ्याव्यात. तपश्चर्येस बसण्यापूर्वी चालू औषधे त्यांना दाखवावीत.

असातावेदनीय कर्माच्या उदयाने वेदना येते, असे आपले शास्त्र सांगते. ती समभावाने सोसावी हे खरेच. पण अविवेकाने तिच्यात भर घालू नये. गोळी तोंडात टाकण्यापूर्वी पाकीट उलटे करून आतील औषधाचे नाव वाचा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.