आतून धुताना

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘अंतःशुद्धी’ हा विषय दिला आणि वर सांगितलं, ‘चर्चमध्ये बोलतोस तसंच बोल.’ तेव्हा ख्रिस्ती माणूस म्हणूनच बोलतो. वर्गात आम्ही दोघे-तिघेच ख्रिस्ती होतो, पण लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या सगळ्यांच्याच.

‘स्मृतिचित्रे’मधले त्यांचे वडील आठवा. सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन घ्यायचं. वाचताना आपण हसतो. पण त्या धुण्यामागे एक समजूत होती: घाण बाहेरून येते, दुसऱ्या माणसाच्या स्पर्शातून येते. जातिभेदाचं सगळं घर याच समजुतीवर उभं आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशूला परूशी विचारतात, तुझे शिष्य हात न धुता कसे जेवतात? त्याचं उत्तर असं, की बाहेरून पोटात जातं ते माणसाला विटाळवत नाही, मनातून बाहेर पडतं ते विटाळवतं. मग तो यादीच देतो. चोरी, लोभ, कपट, गर्व. यादीतल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या माणसाशी होणाऱ्या व्यवहारातल्या आहेत. त्याच अध्यायात, आईवडिलांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ असं सांगून मोकळं होणाऱ्यांनाही तो फटकारतो. भक्तीच्या आडून हात झटकण्याची ही युक्ती दोन हजार वर्षं जुनी आहे!

म्हणून डोळे मिटून बसणं म्हणजे अंतःशुद्धी, हा अर्थ मला अपुरा वाटतो. यरीहोचा जक्कय मुख्य जकातदार होता, पैसेवाला. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा ‘माझं मन शुद्ध झालं’ असं तो म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत. शुद्धीचा थेट रोखीत हिशेब.

आता आमच्याच घरातलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. तो आदेश शिखांसाठी १९५६ साली आणि बौद्धांसाठी १९९० साली बदलला, आमच्यासाठी नाही. बाप्तिस्मा घेतला तरी गाव जात विसरत नाही, असं आमची मंडळी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण मुलीचं स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारणारेही आमच्यातच आहेत. सरकारपुढे एक बोलायचं आणि पाहुण्यांपुढे दुसरं, हे एका तोंडानं शोभत नाही. लक्ष्मीबाईंनी विटाळाची कल्पना आधी मनातून काढली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आणि हे फक्त चर्चपुरतं नाही. इथले कितीतरी जण आज आपापल्या सोसायटीचे अध्यक्ष नाहीतर सचिव आहेत. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा माणूस गटारात दगावला तर भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ साली सांगितलं. भरपाई वाढवावी लागते, म्हणजे माणसं अजून मरताहेत. उतरणारे कुठल्या वस्तीतून येतात, हे या सभेला सांगायला नको. वर आपल्या फरश्या चकचकीत, आणि खाली उतरणाऱ्याचं नाव आपल्या वहीत नसतं, ठेकेदाराचं असतं.

तर पुढच्या मीटिंगला एवढंच विचारा: टाकी यंत्रानं उपसली, की माणूस उतरवला? उतरवला असेल तर दर कमी पडला म्हणून का? बिल पास करणारी सही आपलीच असते.

आपल्या शाळेच्या मागेही टाकी आहे. मेळाव्याच्या निधीतून इमारतीचं रंगकाम ठरलंय, छानच आहे. पण त्याच निधीतून टाकीसाठी दरवर्षी यंत्राची गाडी बोलावण्याचा खर्च बाजूला ठेवावा, असं मी मुख्याध्यापकांना सुचवलंय. दुपारच्या बैठकीत तो विषय घेऊ म्हणाले आहेत. तेव्हा जेवण झालं की लगेच पांगू नका.