भाड्याचं घर पायांनी बघावं



भाड्याच्या घराची जाहिरात दोन ओळींची असते. ‘वन बीएचके, दुसरा मजला, भाडं अमुक, डिपॉझिट तमुक.’ घर बघायला गेल्यावर आपणही तेवढंच बघतो. नळ सोडतो, पंखा लावतो, ओल आली आहे का म्हणून भिंतीवर हात फिरवतो. पण दाराबाहेर पाऊल टाकल्यावर काय मिळतं, त्याचंही भाडं आपण भरत असतो. ते मात्र सहसा कोणी मोजत नाही.

पुण्यातल्या सदाशिव, नारायण, शुक्रवार या पेठा घ्या. मोटारी येण्याच्या कितीतरी आधी त्या वसल्या. सगळा व्यवहार पायी चालायचा, म्हणून खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी वस्ती झाली. पुष्कळ वाडे गेले, अपार्टमेंट आली, पण गल्ल्या आणि दुकानं राहिली. १८८६ मध्ये उभी राहिलेली मंडई, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, किराणा, पिठाची गिरणी, डॉक्टर, सगळं पायांच्या टप्प्यात. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं भुयारी स्टेशनही आहे.

आता थोडा हिशेब करू. समजा, नवरा-बायको दोघांची नोकरी गावाच्या मध्यभागी आहे. लांबच्या उपनगरातलं घर पेठेतल्या घरापेक्षा महिन्याला ४ हजारांनी स्वस्त मिळतंय, पण कामाची जागा तिथून १२ किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर एका स्कूटरचे ६०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तरी दोन स्कूटरींचे २६००-२७०० रुपये गेले. सर्व्हिसिंग, टायर वेगळे. म्हणजे ४ हजारांची बचत तेराशे-चौदाशेवर आली. शिवाय जाता-येता पाऊण-पाऊण तास. पेठेतून १५ मिनिटं चालत जायचं म्हटलं, तरी माणशी महिन्याला २५ तास हाती राहतात. मुलांचा अभ्यास, आईचं औषधपाणी, स्वतःची झोप या तासांतच बसते.

अर्थात, नोकरी हिंजवडीला असेल तर हा हिशेब उलटतो. आणि पेठेत सगळं गोड नाही. गाडी लावायला जागा नसते, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, गणेशोत्सवात दहा दिवस ढोल-ताशा आणि बंद रस्ते. म्हणून घर दोनदा बघावं. एकदा सकाळी, पाण्याच्या वेळेला. एकदा रात्री, दुकानं बंद झाल्यावर. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर घेऊन दुकानापर्यंत, दवाखान्यापर्यंत चालून यावं. फूटपाथवरून चालता येतं का, रस्ता ओलांडता येतो का, जिन्यात दिवा आहे का, हे त्यांच्या चालीनेच कळतं.

घर पसंत पडलं की करार. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज अजून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिट किती, परत केव्हा, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स कोण भरणार, हे त्यातच लिहून घ्यावं. तोंडी शब्द घर सोडताना कोणाला आठवत नाहीत.

शेवटी मालकमंडळींना एक विनंती. पायी चालता येणाऱ्या वस्तीची गरज सर्वांत जास्त कोणाला? ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना. एकटी राहणारी नोकरदार मुलगी, विद्यार्थी, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. आणि ‘फक्त फॅमिलीला’ म्हणून नकार ऐकावा लागतो तोही बहुधा यांनाच. जुन्या कायद्यात भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या बसून राहायचे, त्याची धास्ती मालकांना अजून आहे, हे समजतं. पण लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि राहिलेल्या दिवसांची दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते. तेव्हा कागद पक्का करावा, ओळखपत्र बघावं, पोलिसांकडे माहिती द्यावी आणि मग माणूस बघून घर द्यावं. एकटी आहे, एवढ्यावरून कोणाला दारातून परत पाठवू नये.

रात्री आठला कामावरून सुटलेली मुलगी दिव्यांच्या रस्त्याने, उघड्या दुकानांसमोरून दहा मिनिटांत घरी चालत येते, हीसुद्धा त्या घराची सोयच आहे. जाहिरातीत ती नसते, पण घर घेताना आणि देताना दोघांनीही ती मोजावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)