दान : एक शब्द, अनेक अर्थ
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. भाषाशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही आज एका शब्दाविषयी बोलावे असे मनात आले. तो शब्द म्हणजे ‘दान’. आपल्या ट्रस्टची पन्नास वर्षांची वाटचाल ज्या एका शब्दावर उभी आहे, तो एकदा नीट पारखून पाहावा, हा त्यामागील हेतू. आमच्या दुकानात मांजरपाट, मलमल, लठ्ठा आणि वायल ही चारही कापडे पांढरीच असतात. परंतु त्यांचा पोत निराळा, उपयोग निराळा आणि भावही निराळा. शब्दांचेही तसेच आहे. दान, देणगी, वर्गणी, धर्मादाय हे शब्द वरवर एकाच रंगाचे दिसतात. हाताला लावल्यावर फरक कळतो.

प्रथम ‘दान’ शब्दाचाच विस्तार पाहू. मराठीत सोंगट्यांच्या खेळातही ‘दान पडते’. तेथे त्याचा अर्थ नशिबाने आलेला आकडा. सरकार संस्थेला देते ते अनुदान. एखाद्या कार्यातील सहभाग ते योगदान. निवडणुकीत आपण करतो ते मतदान. आज आपण ‘साम, दाम, दंड, भेद’ असे म्हणतो. परंतु संस्कृत राजनीतिग्रंथांत ‘दाम’च्या जागी ‘दान’ आहे. प्रतिपक्षाला काही देऊन वश करणे, हा तेथील अर्थ. लोकांच्या जिभेने त्याचे ‘दाम’ केले, ते मला फार मार्मिक वाटते. मोबदल्याची अपेक्षा शिरली, की दानाचे दाम व्हायला एका अक्षराचाच फरक उरतो.

याउलट, ‘दानत’ हा शब्द दानाचा सख्खा भाऊ वाटतो. पण तो मुळात अरबी, ‘दियानत’ म्हणजे प्रामाणिकपणा यावरून आलेला. मराठीत आल्यावर मात्र ‘त्याची देण्याची दानतच नाही’ असे आपण सहज म्हणतो. दोन भिन्न कुळांतील शब्द आपल्या भाषेत शेजारी नांदू लागले आणि प्रामाणिक मनावाचून दान नाही, हे जणू भाषेनेच मान्य केले.

आता शेजारचे शब्द पाहू. ‘वर्गणी’ म्हणजे सर्वांनी मिळून करावयाच्या कार्यातील आपला वाटा. ती देणे हे सभासदाचे कर्तव्य होय. ‘देणगी’ म्हणजे स्वेच्छेने दिलेली रक्कम. तिची पावती मिळते, प्रसंगी प्राप्तिकरात सवलतही मिळते आणि त्यात गैर काहीच नाही. ‘बक्षीस’ हे गुणाचे कौतुक म्हणून दिले जाते. ‘खैरात’ हा अरबी शब्द मूळचा सत्कृत्याचा. परंतु मराठीत ‘आश्वासनांची खैरात’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात थोडा उपहास असतो. पात्र-अपात्र न पाहता उधळले, तर चांगला शब्दही खाली घसरतो, हे यावरून ध्यानात येते.

‘धर्मादाय’ हा शब्द तर आम्हा व्यापाऱ्यांच्या विशेष परिचयाचा. अनेक बाजारपेठांत बिलावर मालाच्या किमतीखेरीज ‘धर्मादा’ म्हणून अल्प रक्कम आकारण्याची जुनी प्रथा होती. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न मानायची काय, हा वाद बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की धर्मकार्यासाठी म्हणून ग्राहकाकडून घेतलेली ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. निकाल करापुरता होता. परंतु त्यातील बोध मोठा आहे. जे उत्पन्नच आपले नव्हे, ते आपले दान कसे होईल ? ग्राहकाचा धर्मादा पोहोचता करणारा व्यापारी हमाली करतो; ती पुण्याची हमाली असेल, पण दाता ग्राहकच.

येथेच आपल्या शास्त्राची सूक्ष्म दृष्टी दिसते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी दानाची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की अनुग्रहासाठी, म्हणजे कल्याणासाठी, जे ‘स्व’चे आहे त्याचा त्याग करणे म्हणजे दान. हे कल्याण घेणाऱ्याचे तसेच देणाऱ्याचेही, असे टीकाकार स्पष्ट करतात. पुढील सूत्रात विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांच्या विशेषामुळे दानात फरक पडतो, असे सांगितले आहे. रकमेचा आकडा या चारांत कोठेही नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी अभयदानाला तर पैसाच लागत नाही.

आधुनिक व्यवहारातही हा भेद पाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत देशात बंद करण्यात आली. रक्त तेच, परंतु विकले तर ते रक्तदान नव्हे. मत विकले तर ते मतदान नव्हे, हेही त्याच न्यायाने.

या सर्व शब्दांहून मला थोर वाटणारा शब्द म्हणजे ‘संविभाग’. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. त्यात आपल्यासाठी सिद्ध केलेल्या अन्नातूनच अतिथीला भाग द्यावयाचा असतो, उरलेले नव्हे. १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदानाला प्रारंभ करणारे आचार्य विनोबा भावे हेही शंकराचार्यांच्या आधाराने दान म्हणजे सम्यक विभाजन असेच सांगत. दोन परंपरा एका शब्दावर येऊन मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

बंधू-भगिनींनो, हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. आपण एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देतो, तेव्हा तिला खैरात समजलो तर त्याची मान खाली जाते; संविभाग समजलो तर तो आपल्या घरचा होतो. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी नम्र सूचना आहे. देणगीदारांची नावे फलकावर अवश्य लावावीत. त्यातून इतरांना प्रेरणा मिळते. परंतु मदत घेणाऱ्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलावून धनादेशासह छायाचित्र काढण्याची प्रथा थांबवावी. रक्कम त्यांच्या बँक खात्यात शांतपणे जमा व्हावी. आपल्या देण्याला त्यांच्यामुळे पात्र लाभले, हा त्यांचा आपल्यावर अनुग्रहच आहे.

हिशेबाच्या वहीत देणगी, वर्गणी आणि कायम निधी यांची खाती वेगळी ठेवावीच लागतात. तसा नियम आहे. ‘दान’ नावाचे खाते मात्र ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणात उघडावयाचे असते. त्याचा लेखापरीक्षकही आपणच.