ऊन कुठवर आले?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही चित्रकार नव्हे. पण कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याविषयी वाचले, तेव्हापासून आपल्या माळशिरसचे ऊन मला निराळे दिसू लागले आहे. तेवढेच सांगते.

आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापुरास परतून कोटितीर्थाच्या काठी राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार नेमले. तरी त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगा यांच्या पाण्यात. जागा त्याच, उजेड निरनिराळा. तिकडे फ्रान्समध्ये मोने नावाच्या चित्रकाराने १८९०-९१ साली गव्हाच्या गंजी अशाच पुन्हापुन्हा रंगविल्या. आपल्या कडब्याच्या गंजीकडे असे कोणी पाहिले आहे का? मी तरी वैरण किती उरली, एवढेच पाहत आले!

जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. त्यावर एकदा रंग चढला, की तो उजेड परत आणणे महाकठीण. दुपारी ऊन डोक्यावर असते, सावल्या आखडतात, माळ पांढराफटक दिसतो. कलत्या उन्हाला मात्र पुष्कळ हवेतून यावे लागते. निळा रंग वाटेत विखुरतो, तांबूस तेवढा पोचतो. पुरंदावड्याच्या रिंगणात अश्व धावून गेला की धूळ उठते आणि पलीकडचे वारकरी धूसर होतात. चित्रकार ज्याला वातावरण म्हणतात, ते हेच.

शाहू महाराज १९२२ साली गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात. मला हे पटत नाही आणि विसरवतही नाही. ज्या पाण्यावरचा उजेड टिपला, तो त्याच पाण्याला परत केला की काय? १९३१ साली तेही गेले.

आमच्या सासूबाईंची दृष्टी अधू झाली आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या विचारतात, "दिवस किती राहिला गं?" मी चुलीपासूनच वेळ सांगत असे. एकदा त्या चिडल्या. "घड्याळ नगं सांगू. ऊन कुठवर आलंय ते सांग."

मला सांगता येईना. उठून बाहेर यावे लागले. आता रोज येते.

परवा म्हटले, "आत्या, अंगण सोडलं. गोठ्याच्या भिंतीवर चढलंय."

"मंग धारंची येळ झाली," त्या म्हणाल्या, "चरवी घे."