शाळेचा वर्ग आणि व्हिडिओ कॉल

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



मेळाव्यात मला बोलण्यासाठी पंधरा मिनिटे दिली होती. त्यातली पाच माइक दुरुस्त होण्यात गेली. तेव्हा जे राहून गेले तेही लिहून द्या, अशी चिटणीससाहेबांची सूचना झाली म्हणून हा मजकूर तयार केला आहे. मी तंत्रज्ञ नव्हे. इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या चुकांचाच भाग मोठा आहे, हे आधीच कबूल करतो.

व्हिडिओ कॉल म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या कोकणातल्या किती घरांतले कर्ते पुरुष आखातात आहेत, हे आपण जाणताच. रात्री जेवणे झाली की घराघरांत मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला जातो आणि कुवेत, दोहा, दम्माम येथून वडिलांचा चेहरा घरात येतो. दुबईत व्हॉट्सअॅपवरून असा कॉल लागत नाही, त्यासाठी बोटिम लागते, हे मला माझ्या सातवीतल्या एका मुलीने शिकविले. म्हणजे जी गोष्ट मुलांच्या घरात रोज घडते तीच शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते. शाळेत मोबाइल दिसला की आम्ही तो जप्त करतो, आणि फळ्यावर मात्र ‘माहिती तंत्रज्ञानाचे युग’ असा निबंधाचा विषय लिहितो!

वर्गाला बाहेरचे जग दाखवावे, ही कल्पना नवी नाही. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष आपल्या देशात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी संच पोहोचले आणि सकाळी शाळेतील मुलांसाठी खास कार्यक्रम दाखविले जाऊ लागले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. प्रयोग मोठाच होता, परंतु त्यात एक उणीव होती. मुलाने हात वर केला, तर पडद्यावरच्या माणसाला तो दिसत नसे. पुढे 2004 मध्ये शिक्षणासाठीच म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला, त्यात उलट प्रश्न विचारण्याची सोय काही केंद्रांना मिळाली. आज तीच सोय मास्तरांच्या खिशात आहे. माझ्या मते सारा फरक एवढ्या एका गोष्टीत आहे की मूल विचारू शकते आणि पलीकडच्याला उत्तर द्यावे लागते.

आता परदेशात काय झाले ते थोडक्यात सांगतो. 2003 मध्ये स्काइप निघाले, आणि काही वर्षांनी त्या कंपनीने शिक्षकांना जगभरचे वर्ग शोधून देण्याची सोयही सुरू केली. त्यात मुलांचा एक खेळ फार गाजला. दोन देशांतले दोन वर्ग समोरासमोर येतात, पण कोण कोठला हे फक्त शिक्षकांना ठाऊक असते. मुलांनी एकेक प्रश्न विचारायचा, उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात काय? तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे काय? एक गट नकाशा घेऊन बसतो, दुसरा उत्तरे टिपतो, तिसरा पुढचा प्रश्न ठरवितो. भूगोलाचा याहून चांगला तास मी बी. एड.च्या कोणत्याही पाठ-टाचणात पाहिला नव्हता. मे 2025 मध्ये स्काइप बंद झाले, पण खेळ काही बंद पडला नाही, तो कोणत्याही ॲपवर खेळता येतो. म्हणून ॲपच्या नावाच्या मागे लागू नये.

आपल्याकडचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडसाठी त्यांचे नाव झाले. मला मात्र त्यांचा दुसरा उपक्रम अधिक मोलाचा वाटतो. भारत-पाकिस्तान, इराण-इराक, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते केले. खेड्यातील शाळेत बसून हे होऊ शकते, हे वाचून माझ्याही मनाने उचल खाल्ली.

आणि येथून माझ्या फजितीची कथा सुरू होते.

एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने इंग्लंडमधील एका शाळेशी पत्रव्यवहार झाला. 2023 च्या ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही वेळ पक्की केली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, त्यांचे सकाळचे नऊ, आपले दुपारचे दीड. आठवीची बेचाळीस मुले इस्त्रीचे गणवेश घालून आली. मुख्याध्यापकांनी गावातून प्रोजेक्टर मागवून घेतला होता. दीड वाजला, पावणेदोन झाले, पलीकडे कोणी नाही. दोनला मी मुलांना गणिताच्या तासाला पाठविले. अडीच वाजता शिक्षक-खोलीत माझा मोबाइल वाजला. पलीकडे तीस गोरी-सावळी मुले रांगेत बसलेली, आणि अलीकडे हातात चहाचा कप घेतलेला मी एकटा!

झाले होते असे, की 29 ऑक्टोबरला इंग्लंडने आपली घड्याळे एक तास मागे घेतली होती. उन्हाळ्यात त्यांचे-आपले अंतर साडेचार तासांचे, हिवाळ्यात साडेपाचांचे. भूगोलाच्या शिक्षकाने ही चूक करावी! दुसऱ्या दिवशी मी ती चूकच फळ्यावर मांडली. साडेपाच तास म्हणजे किती रेखांश? एका तासाला पंधरा, म्हणजे साडेब्याऐंशी. मिर्झापूरजवळून जाणारी आपल्या प्रमाणवेळेची रेषा त्या दिवशी मुलांना जेवढी समजली तेवढी पाठ्यपुस्तकातून कधी समजली नव्हती, हे मात्र खरे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर डिसेंबरात कॉल व्यवस्थित झाला. फोटो निघाला, तो तालुक्याच्या साप्ताहिकात आला, अभिनंदनही झाले. पण वाचकहो, मी त्या दिवशी घरी गेलो तो नाराज होऊनच. बेचाळीसपैकी तीन मुले बोलली. तिघेही ज्यांच्या घरी इंग्रजी आहे असे. उरलेली एकोणचाळीस मुले ‘हॅलो’ म्हणून हात हलवीत राहिली. ‘तुमचा आवडता खेळ कोणता’ याचे उत्तर ऐकायला एवढा खटाटोप कशाला? आम्ही जग वर्गात आणले नव्हते. बेचाळीस प्रेक्षकांना एक चलत्चित्र दाखविले होते.

मग वाटले, आपल्या भाषेत बोलणारे जग कोठे आहे? उत्तर हजेरीपटातच होते. ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ओळीने लिहिलेले असते — नोकरी, परदेश.

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचे वडील अकरा वर्षे कुवेतला क्रेन चालवितात. मी त्यांना फोन केला. प्रथम ते हसले आणि मग घाबरले. “सर, मी तुमच्याच शाळेतला आठवी नापास. मी काय शिकवणार पोरांना?” मी म्हटले, तुम्ही शिकवू नका, मुले विचारतील त्याची उत्तरे द्या. तिकडे शुक्रवार-शनिवारची सुट्टी, आपली शनिवारी सकाळची शाळा. 2024 च्या जुलैतला एक शनिवार ठरला. आपले दहा, त्यांचे साडेसात. या वेळी अंतर मी तीनदा तपासले. अडीच तास, आणि कुवेतची घड्याळे वर्षभर तशीच राहतात.

मुलांनी आठवडाभर आधी प्रश्न लिहून आणले, मराठीत. “चाचा, तुमच्याकडे नदी कोणती?” या पहिल्याच प्रश्नाला उत्तर आले, नदीच नाही. मग पाणी कोठून? समुद्राचे खारे पाणी कारखान्यात गोडे करतात. आमची मुले खाडीकाठची, खाऱ्या पाण्याच्या विहिरी पाहिलेली. एकाने लगेच विचारले, मग आपल्याकडे का करीत नाहीत? त्या एका प्रश्नावर पुढे विज्ञानाच्या बाईंचे दोन तास गेले. पूर्वी हेच पाणी गलबतांनी शट्ट-अल-अरबच्या मुखातून कुवेतला आणीत असत, ही भर मी घातली. “उन्हात काम करता?” जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करविण्यास तिकडे बंदी आहे, असे कळले. “पगार रुपयांत मिळतो का?” दिनारमध्ये. परंतु 1961 मध्ये दिनार येईपर्यंत तिकडे रुपयाच चालत असे, हे ऐकून मुले चकित झाली. वर्गातल्या बेचाळीसपैकी निदान तीस जणांनी तोंड उघडले असेल. पाहुणेही आता मोकळे झाले होते, क्रेनचा लिव्हर कसा ओढतात ते पाण्याच्या बाटलीने दाखवीत होते.

त्यांचा मुलगा मात्र गप्प होता. तास संपत आला तेव्हा त्याने हात वर केला. मला बरे वाटले. तो पुढे आला आणि मोबाइलसमोर उभा राहून म्हणाला, “अब्बा, तुम्ही झोपता कुठे?”

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले, रेंज गेली. मग त्यांनी मोबाइल फिरविला. लहानशी खोली, एकावर एक अशा लोखंडी खाटा, एकूण सहा माणसे. वरच्या एका खाटेवर चादरीचा पडदा बांधलेला. “ही माझी,” ते म्हणाले. अकरा वर्षे रोज घरी कॉल होत होता, पण घरच्यांना दिसत होता तो केवळ चेहरा, मागे कोरी भिंत. खोली त्यांनी कधी दाखविली नव्हती, आणि मुलाच्या मनात हा प्रश्न कधीपासून होता कोण जाणे.

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, “सर, हे घरी कळायला नको होते.” पण ते केव्हाच कळले होते. दुसऱ्या दिवशी त्या भाभी शाळेत आल्या. मी क्षमा मागण्याच्या तयारीत होतो. त्यांनी विचारले, “त्या खाटेला वर चढायला शिडी आहे का हो? त्यांचा गुडघा दुखतो.” मला ते आठवेना.

मी बरोबर केले की चूक, याचा निकाल अजून माझ्या मनाशी लागलेला नाही. एक मात्र त्यानंतर नियमच केला. कॅमेरा दुसऱ्याच्या घरात शिरतो, तेव्हा काय दाखवायचे आणि काय नाही हे पाहुण्याला आधी विचारून घेतो. मुलांचे प्रश्न त्यांना दोन दिवस आधी पाठवितो. कॉल रेकॉर्ड करीत नाही, मुलांचे फोटो कोठे टाकीत नाही. काही पालकांनी मुलींना कॅमेऱ्यासमोर बसविण्यास हरकत घेतली होती. ती मला पूर्वी मागासलेपणाची वाटली होती, आता वाटत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. आम्ही छापील संमतिपत्र घेतो. ज्या मुली पडद्यावर येत नाहीत त्या प्रश्न विचारतात, आवाज पलीकडे जातोच. आणि खरे सांगायचे तर उत्तम प्रश्न त्यांचेच असतात.

इतर शिक्षक-मित्र खर्चाचे विचारतात. प्रोजेक्टर नसला तरी चालतो, चांगला स्पीकर मात्र हवा. चित्र अडखळले तर मुले सांभाळून घेतात, आवाज तुटला की वर्ग हातचा जातो. एका खोलीत दोन मोबाइलांवर तोच कॉल चालू ठेवू नये, कानठळ्या बसतात. मुलांच्या पाठीशी खिडकी असेल तर पलीकडे नुसत्या काळ्या सावल्या दिसतात, म्हणून बाके उलटी फिरवावीत. पाऊण तासाचा कॉल रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये सहज बसतो. वीज गेल्यास मोबाइलवरच, पाच-पाच मुले पुढे बोलावून, उरलेला तास पुरा करावा.

त्या पाहुण्यांचे पुढे काय झाले, असे मेळाव्यानंतर अनेकांनी विचारले. यंदा त्यांनी स्वतःच कळविले की त्यांच्या खोलीतले एक केरळचे मित्र समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यात कामाला आहेत, ते मुलांशी बोलायला तयार आहेत. ते हिंदीत बोलतील, आणि मराठीत सांगण्याचे काम हे करणार आहेत. खोली दाखविण्याचेही त्यांनी कबूल केले आहे. शिडी आहे, हेही कळविले आहे.

ही स्मरणिका आपल्या संस्थेचे अनेक माजी विद्यार्थी परदेशात वाचतात. त्यांपैकी कोणी जहाजावर असेल, कोणी इस्पितळात, कोणी उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात. आमची शनिवारची सकाळ दहा ते पावणेअकरा राखलेली आहे. आपल्याकडे तेव्हा किती वाजलेले असतात, एवढे पाहून शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. तुमच्या देशात घड्याळ पुढे-मागे करीत असतील, तर तेही कृपया लिहावे.